अतिदक्षता विभागात मूत्रपिंड थांबले, तर रुग्ण वाचेल का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील रुग्णालयांत तापाचे, लेप्टोचे (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) आणि जंतुसंसर्गाचे गंभीर रुग्ण वाढतात, आणि त्यांतील अनेकांची मूत्रपिंडे आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच काम थांबवतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अशाच रुग्णांच्या नातेवाइकांची असून त्या सर्वांमागे एकच प्रश्न आहे: आमचा माणूस वाचेल की नाही, हे आधी सांगता येते का? त्यांतील काही पत्रांना, रुग्णांची ओळख पटेल असा तपशील वगळून, येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझ्या वडिलांचे वय ६८ आहे आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. पायाच्या जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब उतरला आणि दुसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली. डॉक्टरांनी कसलासा स्कोअर काढून ‘वाचण्याची शक्यता ४० टक्के’ असे सांगितले. हा आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विसंबायचे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: अतिदक्षता विभागात अशा अंदाजासाठी प्रामुख्याने दोन गुणांकन पद्धती वापरल्या जातात. पहिली ‘अपॅची-२’. ती १९८५ साली अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या नोंदींवरून तयार झाली. भरती झाल्यापासूनच्या २४ तासांत शरीराचे तापमान, रक्तदाब, नाडी, श्वसन, रक्तातील क्षार, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ), पांढऱ्या पेशी, शुद्धीची पातळी अशा १२ बाबींची जी सर्वांत वाईट नोंद असेल तिला गुण दिले जातात, त्यांत वयाचे आणि जुन्या आजारांचे गुण मिळवले जातात, आणि बेरीज ० ते ७१ यांच्या दरम्यान येते. मूत्रपिंडे अचानक निकामी झाली असतील, तर क्रिएटिनिनचे गुण दुप्पट धरले जातात. म्हणजेच या बिघाडाचे वजन मोठे आहे हे त्या काळीही ओळखले गेले होते. दुसरी पद्धत ‘सोफा’, १९९६ सालची. तिच्यात फुप्फुसे, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे या सहांना प्रत्येकी ० ते ४ असे एकूण २४ पर्यंत गुण मिळतात, आणि गुण जितके जास्त तितकी स्थिती वाईट.

तुमच्या वडिलांसारखे वय, तसाच जुना आजार आणि तशीच तपासणीची नोंद असलेले शंभर रुग्ण घेतले, तर त्यांतील सुमारे चाळीस जिवंत घरी गेले, एवढाच ‘४० टक्के’चा अर्थ आहे. तुमचे वडील त्या चाळिसांत आहेत की साठांत, हे तो आकडा सांगत नाही आणि सांगण्यासाठी तो बनवलेलाही नाही. शिवाय हे शंभर रुग्ण बहुधा दुसऱ्या देशातले आणि दुसऱ्या काळातले असतात. अपॅची-२ च्या नोंदी घेतल्या गेल्या तेव्हाचे व्हेंटिलेटर, प्रतिजैविके आणि डायलिसिसची यंत्रे आजच्यासारखी नव्हती, आणि आपल्याकडे पावसाळ्यात येणारे तरुण लेप्टोचे रुग्ण त्या नोंदींत जवळजवळ नव्हतेच.

गुणांकनाची परीक्षा दोन प्रकारे होते. वाचलेला एक आणि न वाचलेला एक अशा दोन रुग्णांपैकी न वाचलेल्याला पद्धतीने जास्त धोका दाखवला का, ही पहिली परीक्षा. नाणेफेकीइतकी अचूकता असेल तर तिचे माप ०.५ येते आणि निर्दोष असेल तर १. मूत्रपिंडांना तीव्र इजा झालेल्या गंभीर रुग्णांत प्रचलित पद्धतींचे माप साधारणपणे ०.७ ते ०.८ च्या आसपास राहते. दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे: पद्धतीने ज्या गटाला ४० टक्के मृत्यूचा धोका सांगितला, त्या गटात खरोखर ४० टक्केच मृत्यू झाले का? येथे सर्वसाधारण पद्धती मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत अनेकदा चुकतात, आणि बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी धोका दाखवतात. म्हणूनच रुग्णालयाच्या कामकाजाची तुलना करायला आणि संशोधनाला या पद्धती उत्तम असल्या, तरी एका माणसाविषयी निर्णय घेताना केवळ त्यांच्या आधारे उपचार थांबवणे किंवा सुरू ठेवणे मला मान्य नाही.

पहिल्या दिवशीच्या बेरजेपेक्षा ती बेरीज पुढे कोणत्या दिशेने जाते, याला मी अधिक महत्त्व देतो. बेल्जियममधील एका अतिदक्षता विभागाचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मताला बळ देतो. पहिल्या ४८ तासांत सोफाचे गुण वाढत गेले, तर सुरुवातीचे गुण काहीही असले तरी मृत्यूचे प्रमाण किमान ५० टक्के होते. गुण उतरले त्यांच्यात ते बरेच कमी होते. तेव्हा डॉक्टरांना ‘किती टक्के’ असे रोज विचारण्याऐवजी ‘कालच्यापेक्षा रक्तदाबाचे औषध कमी लागते का, ऑक्सिजन कमी लागतो का, जंतुसंसर्गाचे मूळ आटोक्यात आले का’ असे विचारा. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पायाची जखम पुरेशी साफ झाली आहे का, किंवा शस्त्रक्रिया लांबणीवर पडली आहे का, हा प्रश्न स्कोअरपेक्षा कितीतरी निर्णायक आहे.

प्रश्न: माझ्या आईचे क्रिएटिनिन ३.८ होते, तर शेजारच्या खाटेवरील तरुणाचे ९. तरी डॉक्टर आईची प्रकृती जास्त चिंताजनक असल्याचे सांगत होते. असे कसे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. कृश, वयस्क किंवा दीर्घकाळ आजारी माणसात ते मुळात कमी तयार होते. रक्तदाब टिकवण्यासाठी शिरेतून बरेच द्रव दिले असतील तर ते पातळ होऊन आणखी कमी दिसते, आणि मूत्रपिंड थांबल्यानंतर ते वाढायलाही दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे डायलिसिस सुरू करण्याच्या वेळी ज्यांचे क्रिएटिनिन कमी होते, त्या गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण उलट जास्त असल्याचे एकाहून अधिक अभ्यासांत दिसून आले आहे. कमी आकडा तेथे सुस्थितीतल्या मूत्रपिंडाचा नसून झिजलेल्या शरीराचा असतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे, अतिदक्षता विभागात रुग्ण क्वचितच केवळ मूत्रपिंडामुळे दगावतो, कारण मूत्रपिंडाचे काम काही आठवडे यंत्राकडून करून घेता येते. सोफाच्या २४ गुणांपैकी मूत्रपिंडाला जास्तीत जास्त ४ च मिळतात. त्या तरुणाचा रक्तदाब औषधाविना टिकत असेल, तो स्वतः श्वास घेत असेल आणि शुद्धीवर असेल, तर क्रिएटिनिन ९ असूनही त्याचा एकच अवयव आजारी आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत फुप्फुसे, रक्ताभिसरण आणि मूत्रपिंडे ही तिन्ही एकत्र बिघडली असतील, तर डॉक्टरांचे म्हणणे बरोबरच होते.

प्रश्न: माझा भाऊ ३४ वर्षांचा असून आमची शेती आणि कुळागर तोच सांभाळतो. जुलैमध्ये ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल आणि मग कावीळ झाली. लेप्टोस्पायरोसिसचे निदान झाले असून सध्या डायलिसिस चालू आहे. तो आता कायमचा डायलिसिसवर राहणार का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न गुंतलेले आहेत, आणि ते वेगळे करणे आवश्यक आहे. जीव वाचेल का, हा एक प्रश्न. मूत्रपिंड पुन्हा चालू होईल का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे नेहमी एकाच बाजूला जात नाहीत.

दुसऱ्याचे उत्तर तुमच्या भावाच्या बाबतीत बरेच आशादायक आहे. लेप्टोचे जंतू मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना आणि त्यांच्यामधल्या ऊतींना इजा करतात, पण गाळणीचा मूळ सांगाडा सहसा शाबूत राहतो. म्हणून तरुण आणि आधी निरोगी असलेला रुग्ण पहिल्या गंभीर टप्प्यातून निभावला, तर मूत्रपिंडे बहुतेक वेळा काही आठवड्यांत सावरतात आणि कायमचे डायलिसिस क्वचितच लागते. या आजारात सुरुवातीला लघवी चालू असूनही क्रिएटिनिन वाढते आणि रक्तातील पोटॅशियम कमी होते, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. अशा, लघवी चालू असलेल्या रुग्णांचा निकाल लघवी बंद पडलेल्यांपेक्षा चांगला असतो.

जिवाला खरा धोका कुठे आहे, हेही स्पष्ट सांगतो. खोकल्यातून रक्त पडणे, छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पसरलेले डाग दिसणे आणि ऑक्सिजनची गरज झपाट्याने वाढणे ही फुप्फुसांत रक्तस्राव होत असल्याची चिन्हे असू शकतात, आणि लेप्टोमध्ये मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. लघवी बंद होणे, रक्तदाब उतरणे, शुद्धी मंदावणे आणि वय जास्त असणे याही गोष्टी धोका वाढवतात. कावीळ कितीही गडद दिसली, तरी घरच्यांना वाटते तितकी भीती केवळ तिची नसते.

याउलट घोणस चावल्यामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाबाबत मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. तेथेही बहुतेक जण सावरतात. परंतु काहींत मूत्रपिंडाच्या बाह्य भागातील पेशी रक्तपुरवठ्याअभावी मरतात आणि हानी कायमची राहते. कारण कोणते, यावर भाकीत किती अवलंबून असते हे यावरून लक्षात यावे. ‘किडनी फेल’ या दोन शब्दांत सगळे रुग्ण एकत्र कोंबले की अंदाज चुकलाच म्हणून समजा.

तुमच्या घरातील इतर जण त्याच पाण्यात आणि चिखलात काम करत असतील, तर पायांच्या जखमा झाकणे, गमबूट वापरणे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यावी का, हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारणे एवढे तरी लगेच करावे. कोणालाही ताप आला तर औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून दोन दिवस वाट पाहू नये. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या काळात मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतात.

प्रश्न: माझे यजमान मागच्या वर्षी वारले. क्रिएटिनिन ४ च्या वर गेल्यावरही डॉक्टरांनी डायलिसिस दोन दिवस थांबवले होते. लगेच केले असते, मोठ्या शहरात नेले असते, तर ते वाचले असते का? हा प्रश्न मला झोपू देत नाही. (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर: ताई, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या दहा वर्षांत मोठमोठे अभ्यास झाले आहेत, आणि त्यांचे उत्तर मी तुम्हाला नीट समजावून सांगू इच्छितो.

त्यांतील सर्वांत मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. १५ देशांतील १६८ रुग्णालयांतील सुमारे ३,००० गंभीर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटात डायलिसिस तातडीने सुरू केले. दुसऱ्यात ठरावीक निकड निर्माण होईपर्यंत किंवा इजा ७२ तासांहून अधिक काळ टिकेपर्यंत थांबले. ९० दिवसांनी तातडीच्या गटात ४३.९ टक्के आणि थांबलेल्या गटात ४३.७ टक्के रुग्ण दगावले होते. म्हणजे फरक नव्हता. उलट वाचलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर असलेल्यांचे प्रमाण तातडीच्या गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के होते. त्याआधी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील ६२० रुग्णांच्या अभ्यासात, थांबलेल्या गटातील ४९ टक्के रुग्णांना डायलिसिस लागलेच नाही. पोटॅशियम धोकादायक वाढणे, रक्तातील आम्ल औषधांनी न उतरणे किंवा फुप्फुसांत पाणी भरणे अशी निकड असेल तर क्षणभरही थांबू नये. ती नसेल तर लक्ष ठेवून थांबणे हा हलगर्जीपणा नाही. अर्थात फार ताणणेही योग्य नाही. २०२१ सालच्या पुढच्या फ्रेंच अभ्यासात त्याहून अधिक काळ थांबण्याचा काही लाभ दिसला नाही आणि कदाचित अपाय होत असावा असे संकेत मिळाले. तुमच्या यजमानांच्या बाबतीत झालेले दोन दिवस त्या टोकाचे नव्हते.

मोठ्या शहराविषयी: तेथे मिळणारे, चोवीस तास सलग चालणारे डायलिसिस रक्तदाब कमी असलेल्या रुग्णाला सोसायला सोपे जाते. मात्र त्यामुळे नेहमीच्या किंवा संथ गतीच्या डायलिसिसपेक्षा अधिक जीव वाचतात असे सिद्ध झालेले नाही. व्हेंटिलेटरवर आणि रक्तदाबाच्या औषधावर असलेल्या रुग्णाला रुग्णवाहिकेतून घाटातून बेळगावला किंवा महामार्गाने मणिपाल-मुंबईला नेणे हीच एक मोठी जोखीम असते. तुम्ही येथेच उपचार घेतले म्हणून त्यांचा जीव गेला, असे म्हणायला वैद्यकीय आधार नाही.

प्रश्न: मूत्रपिंड बिघडणार हे आधीच सांगणाऱ्या नव्या रक्तचाचण्या आल्या आहेत, असे वाचले. त्यांचा आग्रह धरावा का? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर: नाही. एनगॅलसारखी प्रथिने किंवा लघवीतील पेशींवरच्या ताणाची खूण देणारे पदार्थ मोजून इजेचा अंदाज काही तास आधी येऊ शकतो, आणि अशा एका लघवीच्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली मान्यता दिली आहे. पण रुग्ण वाचेल का, याचे उत्तर त्या चाचण्या नेहमीच्या निरीक्षणाहून फारसे चांगले देत नाहीत.

प्रश्न: मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. स्कोअर डॉक्टर काढतात. पण खाटेजवळ उभे राहून आम्ही कोणत्या गोष्टींकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: तुमचा प्रश्न मला या सर्व पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला, कारण चांगले भाकीत ज्या नोंदींवर उभे राहते त्या तुमच्याच हातून होतात.

पहिली नोंद तासागणिक लघवीची. शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मूत्रपिंडाची तीव्र इजा ठरते, मग क्रिएटिनिन कितीही चांगले असो. ६० किलोच्या रुग्णात हे प्रमाण तासाला ३० मिलिलिटर. क्रिएटिनिनची दुसऱ्या दिवशीची तपासणी येण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट तुमच्या तक्त्यावर दिसते. किलोमागे ०.३ मिलिलिटरपेक्षा कमी लघवी २४ तास राहिली, किंवा १२ तास अजिबात झाली नाही, तर ती तिसरी, म्हणजे सर्वांत गंभीर पायरी.

दुसरी नोंद द्रवाच्या हिशेबाची. आत गेलेले आणि बाहेर आलेले द्रव यांतील फरक भरतीच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात ६ लिटरहून अधिक साठले, तर मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. साठलेले पाणी हेच कारण की ते केवळ अधिक आजाराचे लक्षण, यावर वाद आहे. तरीही रोजचे वजन आणि रोजची बेरीज लिहिली गेली, तरच डॉक्टरांना द्रव आवरते घेण्याची वेळ कळते. औषधे पातळ करण्यासाठी दिलेले सलाइनही त्या बेरजेत आले पाहिजे. बहुतेक वेळा चूक तेथेच होते.

काही वेळा डॉक्टर फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची ठरावीक मात्रा देऊन दोन तासांची लघवी मोजायला सांगतील. रुग्णाच्या शरीरात पाण्याची कमतरता नसताना दोन तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर इजा तिसऱ्या पायरीकडे जाण्याची शक्यता बरीच वाढते. येथे एक सावधगिरी हवी: या औषधाने लघवी वाढली म्हणून मूत्रपिंड बरे झाले, असे नातेवाइकांना सांगू नये. औषध मूत्रपिंडाची शिल्लक ताकद दाखवते, ती वाढवत नाही.

प्रश्न: आम्ही दोघे सत्तरी ओलांडलेले आहोत, मुले परदेशात आहेत. शक्यता अगदीच कमी असेल, तर यंत्रांवर किती दिवस राहायचे हे आधी ठरवता येते का? (एक दांपत्य, पणजी)

उत्तर: येते, आणि शुद्धीत असताना ठरवणे उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर प्रमाणित करता येते. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र करून या गोष्टीला चालना दिली. प्रत्यक्षात उपचार थांबवण्याचा निर्णय एकटे डॉक्टर घेत नाहीत. त्यासाठी प्रत्येकी तीन डॉक्टरांची दोन वैद्यकीय मंडळे मत देतात.

इच्छापत्रात ‘डायलिसिस नको’ असे सरसकट लिहू नका, हा माझा आग्रह आहे. तीव्र इजेतील डायलिसिस बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांपुरते असते आणि ते नाकारल्याने सावरू शकणारा माणूस गमावला जाऊ शकतो. त्याऐवजी मुदत घालून उपचार मागता येतात: पाच ते सात दिवस सर्व उपचार करावेत, त्या काळात रक्तदाब, श्वसन आणि शुद्धी सुधारते का ते पाहावे, आणि एकेक अवयव बंद पडत जात असेल तर उपचारांचा भर वेदना आणि धाप कमी करण्यावर न्यावा. मुलांना परदेशातून हा निर्णय फोनवर घ्यावा लागू नये म्हणून त्यांच्याशी आताच बोला आणि कोणाचा शब्द अंतिम मानायचा त्याचे नाव कागदावर लिहा.

प्रश्न: माझी आई चार आठवड्यांनंतर अतिदक्षता विभागातून घरी आली. डायलिसिस बंद झाले असून क्रिएटिनिन १.१ आहे. आता काळजी संपली ना? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: मोठी काळजी संपली, पण १.१ या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. चार आठवडे खाटेवर पडून स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे मूत्रपिंड पूर्ण सावरले नसतानाही क्रिएटिनिन चांगले दिसते. ज्यांना अशी तीव्र इजा होऊन गेली, त्यांच्यात पुढे मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब या तिन्हींची तपासणी करून घ्यावी. आधी चालू असलेली रक्तदाबाची काही औषधे रुग्णालयात थांबवली असतील. ती पुन्हा केव्हा सुरू करायची हे त्याच भेटीत विचारावे, आपण होऊन नव्हे. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, आणि जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर एका दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवावे. डिस्चार्जच्या कागदावर ‘मूत्रपिंडाची तीव्र इजा’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते आजच पाहा. नसेल तर रुग्णालयातून लिहून घ्या, कारण यापुढे प्रत्येक नव्या डॉक्टरला ते दाखवावे लागेल.